कॅप इन्स्पेक्शन: मिनिटाला ९०० च्या वेगाला फोटो पसरट येतो, आणि खराब कॅपऐवजी शेजारची चांगली उडते

कॅपलाइन

पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीच्या एचडीपीई (प्लास्टिक) कॅपा, पीसीओ १८८१ नेक (बाटलीच्या तोंडाचं प्रमाणित माप), पांढऱ्या आणि निळ्या. पट्ट्यावरून एकेरी रांगेत उघडी बाजू वर करून जातात. वेग मिनिटाला ९००, दोन कॅपांच्या मध्यातलं अंतर साधारण ६० मिमी, म्हणजे पट्टा सेकंदाला ०.९ मीटर. हव्या त्या तपासण्या: आतले काळे ठिपके (०.३ मिमी आणि वरचे), शॉर्ट शॉट (साच्यात माल अपुरा भरलेली कॅप), टॅम्पर रिंगचे (कॅपेच्या उघड्या कडेची, पहिल्यांदा उघडताना सुटणारी रिंग) तुटलेले ब्रिज (रिंग कॅपेला धरणारे बारीक दुवे), लांबट झालेली कॅप.

सामान असं आहे: १.६ मेगापिक्सेल मोनो कॅमेरा (१४४० × १०८०, ३.४५ मायक्रॉन पिक्सेल, ग्लोबल शटर, गिगई), २५ मिमी लेन्स एफ/८ वर, कॅमेऱ्यालाच बसवलेली लाल रिंग लाइट, २४ व्होल्टवर सतत चालू. एक्स्पोजर ५०० मायक्रोसेकंद, गेन १२ डीबी. फोटो सेन्सर पीएलसीला (लाइन चालवणाऱ्या कंट्रोलरला) जातो आणि पीएलसी कॅमेऱ्याला ट्रिगर देतो. पीएलसीचा स्कॅन टाइम (इनपुट बघायची एक फेरी) १० मिलिसेकंदाच्या आसपास. पीसी निकाल देतो, मग पीएलसीतला टायमर ३३० मिलिसेकंदांनी एअर जेट मारतो. कॅमेऱ्यापासून नोझल ३०० मिमी.

तक्रारी चार:
१. रिंगच्या कडा चालीच्या दिशेने पसरतात, ब्रिज मोजता येत नाहीत.
२. काही फोटोंत कॅप अर्धी चौकटीबाहेर.
३. निळ्या कॅपवरचे ठिपके जवळजवळ दिसतच नाहीत, पांढऱ्यावर दिसतात.
४. खराब कॅप निसटते आणि तिच्या मागची किंवा पुढची उडते.

व्हेंडर म्हणतो डीप लर्निंगचं लायसन्स घ्या, सगळं सुटेल. घ्यावं का?

लेन्स_आणि_लाइट

लायसन्स आत्ता घेऊ नका. चारपैकी एकही तक्रार सॉफ्टवेअरची नाही. जे फोटोत उतरलंच नाही ते कुठलंही मॉडेल शोधून देणार नाही.

पहिली तक्रार सरळ हिशेबाची. ०.९ मीटर प्रति सेकंद म्हणजे एका मिलिसेकंदात ०.९ मिमी. तुमचं एक्स्पोजर अर्धा मिलिसेकंद, म्हणजे शटर उघडं असताना कॅप ०.४५ मिमी सरकते. १४४० पिक्सेलमध्ये साधारण ४८ मिमी रुंदी घेत असाल (२५ मिमीच्या लेन्सने कॅमेरा सुमारे २६५ मिमीवर असणार), तर एक पिक्सेल म्हणजे ०.०३३ मिमी. म्हणजे फोटो साडेतेरा पिक्सेल पसरतोय. ०.१ मिमीची फट ०.४५ मिमीवर पसरली की तिचा काळेपणा पाचव्या हिश्श्यावर येतो. मग ब्रिज मोजणार कसे?

पसरट एका पिक्सेलच्या आत आणायची तर ३७ मायक्रोसेकंद. ३० धरून चाला. म्हणजे प्रकाश १७ पट लागणार. गेन वाढवून तो मिळत नाही, नुसता दाणेदारपणा वाढतो. तो मिळतो असा:

अ) लाइट कॅमेऱ्याच्या गळ्यातून काढा आणि कॅपांच्या वर ८० मिमीवर आणा. मधलं भोक ६० मिमीचं असलं की कॅमेऱ्याच्या आड येत नाही. नुसत्या एवढ्याने बराच फरक पडतो.

आ) सतत चालू लाइट बंद करून स्ट्रोब (फोटोच्या क्षणीच फ्लॅश मारणारी लाइट). सेकंदाला १५ फ्लॅश, प्रत्येकी ३० मायक्रोसेकंद, म्हणजे एलईडी फक्त ०.०४५ टक्के वेळ जळतो. म्हणून त्यातून नेहमीच्या कितीतरी पट करंट क्षणभर नेता येतो. पण लाइट त्यासाठी बनवलेली हवी आणि सोबत करंट कंट्रोलर हवा. डेटाशीटमध्ये पल्सचा कमाल करंट आणि कमाल वेळ दिलेला असतो, तो ओलांडायचा नाही. तुमची २४ व्होल्टची रिंग आतल्या रेझिस्टरवर चालणारी असेल तर ती ओव्हरड्राइव्हच्या (क्षणभर जादा करंट नेण्याच्या) कामाची नाही. आणि करंट दहापट केला म्हणजे उजेड दहापट होत नाही, त्याहून कमीच होतो. हे धरूनच लाइट निवडा.

इ) लेन्सचं छिद्र एफ/८ वरून एफ/५.६ ला उघडा, उजेड दुप्पट.

स्ट्रोब लावल्यावर लक्षात ठेवायचं की फोटो गोठवतो तो फ्लॅश, शटर नाही. एक्स्पोजर १०० मायक्रोसेकंद राहू द्या, फ्लॅश त्याच्या आत ३० चा बसवा. कंट्रोलरला चालू व्हायला काही मायक्रोसेकंद लागतात, ते त्यात सामावतात. शेडच्या एलईडी दिव्यांची १०० हर्ट्झची लुकलुकही फोटोत उतरत नाही, कारण १०० मायक्रोसेकंदात त्यांचा वाटा नगण्य. फ्लॅशचा ट्रिगर कॅमेऱ्याच्या एक्स्पोजर-अ‍ॅक्टिव्ह आउटपुटवरून कंट्रोलरला द्या, पीएलसीवरून नाही. कंट्रोलर ते लाइट केबल आखूड ठेवा. लांब केबलमध्ये करंट चढायला वेळ लागतो आणि ३० मायक्रोसेकंदात तो पुरता चढतच नाही.

तिसरी तक्रार रंगाची. लाल उजेडात निळं प्लास्टिक काळपट दिसतं, त्यावर काळा ठिपका काय दिसणार! निळी लाइट घ्या, ४७० नॅनोमीटरच्या आसपासची. निळी कॅप उजळ दिसते आणि ठिपका काळाच राहतो. पांढऱ्या कॅपेलाही निळीच बरी: जळक्या मालाचे तपकिरी-पिवळे ओघळ लाल उजेडात पांढऱ्यात मिसळून जातात, निळ्यात गडद दिसतात. पांढऱ्यावर तुम्हाला दिसतात ते बहुधा फक्त पक्के काळे ठिपके असतील, तपकिरी आजही निसटत असणार.

चोवीस_व्होल्ट

दुसरी तक्रार पीएलसीच्या स्कॅनची. सेन्सर केव्हाही लागो, पीएलसी त्याच्याकडे पुढच्या फेरीत बघणार. १० मिलिसेकंदाची फेरी म्हणजे ९ मिमीपर्यंत कॅप इकडे-तिकडे. चौकटीची आखूड बाजू ३६ मिमी, कॅप ३० मिमी, मग दोन्हीकडे उरले तीन-तीन मिमी. लांब बाजू चालीच्या दिशेने ठेवली असती तर नऊ-नऊ उरले असते. म्हणजे तुमचा कॅमेरा बहुधा आडवा, आखूड बाजू चालीच्या दिशेने बसवलेला आहे. तो ९० अंशात फिरवा, हे फुकटचं काम आधी करा.

मग सेन्सरची वायर थेट कॅमेऱ्याच्या ऑप्टो-आयसोलेटेड (विजेने वेगळ्या ठेवलेल्या) इनपुटला. पीएलसीला समांतर दिली तरी चालेल. साधा फोटो सेन्सर अर्ध्या मिलिसेकंदात लागतो, म्हणजे ०.४५ मिमी, आणि तेही दर वेळी जवळजवळ तेवढंच.

सेन्सर कुठे लावायचा? कॅमेऱ्यात ट्रिगर डिले टाकून जागा जुळवू नका. डिले वेळेत असतो, पट्ट्याचा वेग बदलला की जागा हलते. सेन्सरच अशा जागी लावा की डिले शून्य राहील. कॅपेची पुढची कड बीम तोडते तेव्हा तिचा मध्य १५ मिमी मागे असतो, म्हणून बीम कॅमेऱ्याच्या मध्यरेषेच्या १५ मिमी पुढे, चालीच्या दिशेने. मग पट्टा अर्ध्या वेगाने चालवा की पूर्ण, कॅप मध्यातच.

डबल ट्रिगरकडे बघा. आडवा बीम टॅम्पर रिंगच्या फटीच्या उंचीवर आला तर एकाच कॅपेला दोनदा लागतो. बीम कॅपेच्या भिंतीवर घ्या, रिंगवर नको. उघडी बाजू वर असल्याने रिंग वर आणि भिंत खाली, म्हणून बीम पट्ट्याच्या जवळ.

कॅपलाइन

कॅमेरा आडवाच बसवलेला होता, फिरवला. सेन्सर थेट कॅमेऱ्याला जोडून पाहिला, आता कॅप चौकटीच्या मध्यात येते, एक मिमीच्या आतबाहेर. स्ट्रोबची लाइट मागवली आहे, निळी.

पण मध्येच दोन कॅपा चिकटून येतात, तेव्हा दुसरीचा फोटोच निघत नाही. हे कसं सोडवायचं?

चोवीस_व्होल्ट

चिकटलेल्या दोन कॅपांत आडव्या बीमला फट मिळतच नाही, दोन गोल फक्त एका बिंदूला टेकतात. खरा उपाय म्हणजे दोन पट्टे: मागचा हळू, पुढचा दुप्पट वेगाने. मागे चिकटून ३० मिमीवर येणाऱ्या कॅपा पुढे ६० मिमीवर जातात. दुसऱ्या पट्ट्याला खालून व्हॅक्यूम असेल तर कॅप घसरत नाही.

पट्टा बदलणं शक्य नसेल तर बीम उभा करा. वर ट्रान्समीटर, खाली रिसीव्हर, दोन पट्ट्यांच्या जोडाच्या फटीतून, आणि मध्यरेषेच्या १० मिमी बाजूला. तिथे ३० मिमीच्या गोलाची जीवा २२.४ मिमीच असते, म्हणजे चिकटलेल्या दोन कॅपांतसुद्धा ७.६ मिमीची फट मिळते, सुमारे ८ मिलिसेकंद. सेन्सरला तेवढं पुरतं. मात्र मग मध्य बीमच्या १५ नाही, ११ मिमी मागे, त्याप्रमाणे जागा बदला. कॅप बाजूला एक मिमी डुलली तर ट्रिगरची जागा साधारण एक मिमी हलते, ते चालतं. पांढरं एचडीपीई थोडं पारभासक असतं, जोरदार बीम त्यातून आरपार जातो. सेन्सरची सेन्सिटिव्हिटी कॅप ठेवून कमी करा.

हवेचा_दाब

चौथ्या तक्रारीकडे कोणी वळलंच नाही. खरी गळती तिथेच आहे.

३३० मिलिसेकंदाचा टायमर पट्ट्याचा वेग कायम धरतो. व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणारं यंत्र) वेग ५ टक्के वाढला की ३०० मिमीमध्ये १५ मिमीचा फरक, म्हणजे जेट कॅपेच्या मध्याऐवजी कडेला. त्यात स्कॅन दोनदा, एकदा टायमर सुरू करताना आणि एकदा आउटपुट देताना, मिळून १८ मिमीपर्यंत. दोन्ही एकाच दिशेला जुळून आले की जेट थेट मागच्या-पुढच्या कॅपेच्या हद्दीत.

म्हणून वेळ मोजू नका, अंतर मोजा. पट्ट्याला टेकलेलं २०० मिमी परिघाचं मेजरिंग व्हील, त्यावर फेरीला १००० पल्स देणारा एन्कोडर. एक पल्स ०.२ मिमी, ३०० मिमी म्हणजे १५०० पल्स. या वेगाला सेकंदाला ४५०० पल्स येतात, साध्या इनपुटला झेपणार नाहीत. पीएलसीचं हायस्पीड काउंटर इनपुट लागेल, आणि आउटपुट काउंटरच्या कम्पेअरवरून थेट द्यायचं, स्कॅनची वाट बघायची नाही. चाक तेलकट पट्ट्यावर घसरू देऊ नका, स्प्रिंगने दाबून ठेवा.

आता निकाल जुळवणं. बरेच जण रांग लावतात: पहिला निकाल पहिल्या कॅपेचा, दुसरा दुसरीचा. एक फोटो गळला की त्यानंतरचे सगळे निकाल एक घर सरकतात आणि लाइन बंद करेपर्यंत चुकीच्या कॅपा उडत राहतात. "मागची किंवा पुढची उडते" याची ही दुसरी शक्यता. ओळखायची खूण: चूक अधूनमधून होते की एकदा सुरू झाली की चालूच राहते? अधूनमधून होत असेल तर टायमिंग. चालूच राहत असेल तर रांग सरकलेली.

करायचं असं. ट्रिगर आला की पीएलसी त्या क्षणीचा एन्कोडर आकडा आणि अनुक्रमांक धरून ठेवतो. पीसी फ्रेम नंबरासकट निकाल पाठवतो. नंबर जुळला आणि निकाल "चांगली" असला तरच त्या कॅपेला सोडायचं. १५०० पल्स होईपर्यंत निकाल आलाच नाही तर उडवायचं. म्हणजे पीसीने "खराब" नाही, "चांगली" सांगायचं. केबल सुटली, पीसी अडकला, विंडोजने मध्येच अपडेट काढलं, तरी खराब माल पुढे जाणार नाही. तुमच्याकडे निकालाला ३३३ मिलिसेकंद आहेत, प्रोसेसिंगला नेहमी २५ लागत असतील तरी बघायचा तो सगळ्यात वाईट आकडा, सरासरी नाही.

जेट: व्हॉल्व्हपासून नोझलपर्यंतची नळी १०० ते १५० मिमीच ठेवा. एक मीटर नळी म्हणजे हवेची लहर पोचायलाच ३ मिलिसेकंद, वर नळी भरायचा वेळ वेगळा. व्हॉल्व्हजवळ छोटी टाकी ठेवा, नाहीतर लागोपाठ दोन खराब आल्या की दुसरीला दाब पडतो. ४ बार पुरे. जेटचा कालावधी १० ते १५ मिलिसेकंद. तुमचा आता किती आहे? ४० असेल तर तेवढ्यात पट्टा ३६ मिमी सरकतो, शेजारणीला वारा लागणारच. रिजेक्टच्या घसरगुंडीत एक सेन्सर लावा: उडवायला सांगितलेल्या आणि खरंच पडलेल्या यांचा आकडा जुळला नाही की लाइन थांबली पाहिजे.

कॅपलाइन

जेट ५० मिलिसेकंदांचा होता! नळी दीड मीटर. चूक अधूनमधूनच होते, म्हणजे टायमिंगचीच. एन्कोडर लावतो.

एक शंका: रिंग आणि आतला तळ दोन्ही एकदम शार्प येत नाहीत. लेन्स एफ/११ किंवा १६ वर नेली तर?

लेन्स_आणि_लाइट

नेऊ नका. उजेड जातोच, शिवाय ३.४५ मायक्रॉनच्या पिक्सेलला डिफ्रॅक्शन (लहान छिद्रातून प्रकाशाचं पसरणं) लवकर गाठतं. एफ/८ वर लाल उजेडात एका बिंदूचा डाग सेन्सरवर १३ मायक्रॉनच्या वर जातो, म्हणजे चार पिक्सेल. निळ्यात तो दहाच्या आसपास राहतो, हा निळ्या लाइटचा आणखी एक फायदा. एफ/१६ वर सगळंच सारखं धुरकट दिसेल, त्याला शार्प म्हणत नाहीत.

तुमच्या मॅग्निफिकेशनला (साधारण ०.१) एफ/५.६ वर शार्प दिसणारी खोली सुमारे ४ मिमी मिळते, थोडी ढिलाई दिली तर ८. रिंगच्या कडेपासून तळापर्यंत अंतर त्याहून जास्त आहे. एका कॅमेऱ्यात रिंग आणि तळ दोन्ही शार्प बसणार नाहीत. ०.३ मिमीचा ठिपका तुमच्याकडे नऊ पिक्सेलचा आहे, तो थोडा मऊ दिसला तरी सापडतो, ब्रिज नाही सापडत. म्हणून फोकस रिंगकडे झुकता ठेवा. ब्रिजवर ग्राहक फारच काटेकोर असेल तर बाजूने बघणारा वेगळा कॅमेरा लागेल, वरून बघून रिंगचा बाहेरचा घेर नीट कळत नाही.

क्यूए_रात्रपाळी

वरच्या हिशेबात एक भर. ३७ मायक्रोसेकंद हे एका पिक्सेलसाठी. फक्त ठिपकेच बघायचे असते तर ६० सुद्धा चाललं असतं, पसरट ०.०५४ मिमीच. ब्रिजमुळे तुम्हाला ३० लागतंय. लाइटचं बजेट कमी पडलं तर हे लक्षात ठेवा.

आता फॉल्स रिजेक्ट. मिनिटाला ९०० म्हणजे आठ तासांच्या पाळीत ४,३२,००० कॅपा. अर्धा टक्का चांगला माल उडाला तरी २,१६० कॅपा. आतल्या बाजूला उठावाचा कॅव्हिटी नंबर (मोल्डच्या कुठल्या खणातली कॅप ते) असेल तर तो प्रत्येक कॅपेत वेगळ्या कोनात येतो. एका जागी मास्क लावून भागत नाही, आणि तोच नंबर सॉफ्टवेअरला ठिपका वाटतो. आधी वर्तुळ शोधून प्रतिमा सरळ पट्टीसारखी उलगडा, नंबर शोधा, मग तेवढाच भाग झाका. नंबर वाचताच आला तर तो दोषाबरोबर नोंदवा. शॉर्ट शॉट दर वेळी १७ नंबरचाच निघाला की मोल्डवाल्याला थेट तीच कॅव्हिटी दाखवता येते, सगळा मोल्ड उतरवावा लागत नाही.

एचडीपीईला स्टॅटिक चढतं आणि धूळ चिकटते. धुळीचे ठिपके खराब मालात मोजले जातात आणि शिव्या कॅमेऱ्याला पडतात. कॅमेऱ्याच्या आधी आयोनायझिंग एअर बार लावा.

मशीन मान्य करताना पाच-सहा ठळक खराब कॅपा टाकून "सगळ्या पकडल्या" म्हणू नका. ०.२, ०.३, ०.५ मिमीचे ठिपके, एक ब्रिज तुटलेली, दोन तुटलेल्या, किंचित शॉर्ट अशा खुणा केलेल्या कॅपा जमवा आणि वेगवेगळ्या कोनांत परत परत सोडा. ३०० वेळा सोडून एकही निसटली नाही, तर ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं की निसटण्याचं प्रमाण १ टक्क्याच्या आत आहे. ३० वेळाच सोडल्या असतील तर तोच आकडा १० टक्के. याच कॅपा दर पाळीच्या सुरुवातीला पट्ट्यावर टाकायच्या आणि सगळ्या डब्यात पडल्याशिवाय लाइन सोडायची नाही. त्या कुलपात ठेवा, नाहीतर कोणीतरी झाडूबरोबर टाकून देतं.

आणि स्ट्रोबला झाकण करा, हे ऐच्छिक नाही. मिनिटाला ९०० म्हणजे सेकंदाला १५ लुकलुक. फोटोसेन्सिटिव्ह अपस्मार असलेल्या माणसाला झटका येण्याच्या धोक्याच्या पट्ट्यातच हा आकडा बसतो. बाकीच्यांचंही डोकं उठतं.

कॅपलाइन

झाकण करून घेतो, काळ्या अ‍ॅक्रिलिकचं.

शेवटचं: कॅमेऱ्याच्या कनेक्टरला दोन प्रकारच्या पिना आहेत, एक ऑप्टो आणि एक जीपीआयओ. आत्ता जोडलं ते ऑप्टोला. स्ट्रोब कंट्रोलरचा ट्रिगर जीपीआयओवरून घेतला तर चालेल का? सेन्सर पीएनपी (लागला की २४ व्होल्ट देणारा) आहे.

चोवीस_व्होल्ट

सेन्सर ऑप्टोला जोडला तेच बरोबर. पीएनपी असल्याने सेन्सरचं आउटपुट ऑप्टो इनपुटला आणि ऑप्टोचं ग्राउंड सेन्सरच्या ० व्होल्टला. जीपीआयओ थेट असतो, बहुतेक कॅमेऱ्यांत ३.३ किंवा ५ व्होल्टच्या पातळीचा. त्याला चुकूनही २४ व्होल्ट लावू नका, पिन जाते आणि कधी कधी कॅमेराही जातो.

कंट्रोलरच्या ट्रिगर इनपुटला ५ व्होल्ट टीटीएल चालत असेल तर जीपीआयओ उलट बराच. ऑप्टो आउटपुट बंद व्हायला काही दहा मायक्रोसेकंद घेतं, तुमच्या ३० च्या फ्लॅशला ते अडचणीचं. दोन्हींपैकी काहीही वापरा, पण कंट्रोलर चढत्या कडेवर ट्रिगर घेऊन फ्लॅशची लांबी स्वतः मोजेल असाच मोड ठेवा, कॅमेऱ्याच्या पल्सइतका वेळ जळेल असा नको. आणि कंट्रोलरचं ग्राउंड कॅमेऱ्याच्या ग्राउंडला त्याच जागी जोडा, व्हीएफडीच्या पॅनेलमधून फिरवून आणू नका.

जोडल्यावर फ्लॅश आणि एक्स्पोजर दोन्ही ऑसिलोस्कोपवर एकत्र बघा. फ्लॅशची शेवटची कड एक्स्पोजर संपायच्या आधी पडली पाहिजे.